३.३ व्होल्टचा सेन्सर, ५ व्होल्टचा बोर्ड: आंब्याच्या आढीसाठी केलेली जोडणी

तापमान आणि आर्द्रता मोजणारा माझा पहिला बीएमई २८० सेन्सर मी समोरचा चहा थंड व्हायच्या आत घालवला. देवगडला माझं पंप आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिलचा शेवट होता, काकांच्या मांगरात (साठवणीच्या खोपटात) आंब्याची आढी लागली होती, आणि पेंढ्याच्या आत उष्मा किती, दमटपणा किती हे आकड्यांत बघायची मला हौस आली. काकांचं मत वेगळं होतं. ‘हात घातलो की कळता माका, ह्यां यंत्र कित्याक?’ तरी मी पार्सल मागवलं आणि सेन्सरची लाल तार आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम चढवायच्या छोट्या बोर्डाच्या ५ व्होल्टच्या भोकात घातली, कारण त्याआधी वापरलेला डीएचटी ११ सेन्सर तिथेच चालायचा. थोड्या वेळाने चिपवर बोट टेकवलं तर चटका बसला. विकणाऱ्याने ‘५ व्होल्टला चालेल’ असं लिहिलं होतं. चिप ज्या पट्टीवर बसवलेली होती तिच्या मागे मात्र बारीक अक्षरांत ३.३ छापलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

दुसरा सेन्सर जरा शहाणपणाने जोडला. लाल तार ३.३ ला, सिग्नलच्या चार तारा थेट उनोच्या पिनांत. लगेच आकडे आले, मी खूश. आठ-दहा दिवस चाललं आणि एका सकाळी उत्तरच येईना. हा लेख त्या दुसऱ्या सेन्सरसाठी आहे. पहिली चूक बोटाला कळते. दुसरी चालू असताना कळतच नाही.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

आर्डुइनो उनो (एटीमेगा ३२८पी चिपवाला, हिरवा-निळा, सगळीकडे मिळतो तो) ५ व्होल्टवर चालतो. त्याची पिन ‘हाय’ केली की तिच्यावर ५ व्होल्ट येतात. नॅनो आणि मेगा हे बोर्डही ५ चेच. ईएसपी ३२, ईएसपी ८२६६, रास्पबेरी पाय पिको हे ३.३ चे. तुमच्याकडे यांतला एखादा असेल तर ३.३ चा सेन्सर थेट जोडा, पुढचं वाचायची गरज नाही. खरं सांगायचं तर आज नव्याने बोर्ड घेणाऱ्याला मी ३.३ चाच घ्यायला सांगतो. पण आयटीआयच्या आणि कॉलेजच्या मुलांकडे उनो असतोच, आणि घरात असलेली वस्तू सोडून दुसरी आणायची आपली रीत नाही.

आता सेन्सर. बीएमई २८० ही बॉशची चिप, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारी, तांदळाच्या दाण्याहून लहान. तिला पुरवठा १.७१ ते ३.६ व्होल्ट हवा. ४.२५ व्होल्ट ही तिची सहनशक्तीची कमाल. आपण विकत घेतो ती नुसती चिप नसते, छोट्या पट्टीवर बसवलेली असते, आणि घोळ या पट्टीतच आहे. बाजारात दोन तऱ्हा दिसतात. एकीला चार पिना: पुरवठा, ग्राउंड, आणि सिग्नलच्या दोन, एससीएल, एसडीए. तिच्यावर बहुतेक वेळा तीन पायांचा एक बारीक काळा भाग असतो आणि भिंगातून बघितलं तर त्यावर ६६२के असं काहीतरी दिसतं. तो ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, ५ चे ३.३ करून देणारा. शेजारी आणखी दोन तसेच तीन पायांचे भाग दिसले तर ते सिग्नलचं व्होल्टेज बदलणारे मॉसफेट, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे बारीक स्विच. ही पट्टी ५ व्होल्टला जोडता येते. दुसरीला सहा पिना: वरच्या चार आणि शिवाय सीएसबी, एसडीओ. हिच्यावर रेग्युलेटर नाही, मॉसफेट नाही, चिप आणि दोन-चार रेझिस्टर-कपॅसिटर. ही निव्वळ ३.३ ची. माझी हीच होती.

पिना मोजा, भिंग लावा, आणि विकणाऱ्याने काय लिहिलंय त्यापेक्षा पट्टीवर काय बसवलंय त्यावर विश्वास ठेवा.

लाल तार ३.३ ला दिली, मग बिघडलं कुठे?

बहुतेक चिपांच्या पिनेमागे आत एक छोटा संरक्षक डायोड असतो. पिनेकडून पुरवठ्याच्या रेषेकडे जाणारी ती एकेरी वाट. एरवी ती बंद असते. पण पिनेवरचं व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टने वर गेलं की वाट उघडते. पुढच्या दाराने ३.३ दिलेत, आणि सिग्नलच्या तारेतून ५ व्होल्ट मागच्या पडवीतून आत शिरले. बॉशची अट स्पष्ट आहे: सिग्नलच्या पिनेवर पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त नको. म्हणजे ३.३ च्या पुरवठ्याला ३.६ ही हद्द.

मला हे पटलं ते मीटर लावल्यावर. तिसरा सेन्सर आला तेव्हा, मुद्दाम दहा सेकंदांपुरतं, मी त्याची लाल तार काढून ठेवली आणि सिग्नलच्या तारा तशाच उनोत ठेवल्या. पुरवठ्याच्या पिनेवर मीटर टेकवला. तिथे शून्य हवं ना? चार व्होल्टच्या वर आकडा. तारच नाही, आणि सेन्सर जिवंत. दुसऱ्या सेन्सरने आठ-दहा दिवस हेच सोसलं होतं. हा प्रयोग तुम्ही करू नका, मी केलाय तेवढा पुरे.

बोर्ड आणि सेन्सर एकमेकांशी दोन पद्धतींनी बोलतात: एसपीआय आणि आयटूसी. माझ्या त्या दुसऱ्या जोडणीत एसपीआय पद्धत होती. तिच्यात उनो तारेला जोर लावून ५ वर ढकलतो, म्हणून मार जास्त. आयटूसी पद्धतीत कोणी ढकलत नाही, त्यामुळे थेट जोडलेले कित्येक सेन्सर महिनोन्‌महिने चालतात आणि ‘काही होत नाही रे’ असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. पण आर्डुइनोची वायर लायब्ररी (आयटूसीसाठीचा तयार कोड) सुरू होताना उनोच्या आतले २० ते ५० किलोओहमचे पुल-अप, म्हणजे तारेला वर ओढून धरणारे रेझिस्टर, ५ व्होल्टला जोडून देते. सेन्सरच्या पट्टीवर १० किलोओहमचे पुल-अप ३.३ ला. दोघांच्या ओढाताणीत तार ३.६ ते ३.९ च्या आसपास थांबते. म्हणजे हद्दीवर किंवा जरा पलीकडे.

उलट बाजूनेही कुरकुर आहेच. उनोच्या साध्या पिनेला ‘हाय’ वाटायला पुरवठ्याच्या ०.६ पट, म्हणजे ३ व्होल्ट लागतात. ३.३ चा सिग्नल त्यात कसाबसा बसतो. आयटूसीसाठी मात्र ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्टची अट. शुद्ध ३.३ तिथे नियमाने पुरत नाही. टेबलावर चालेल, मांगरात लांब तारेवर कधीतरी अडकेल.

एसटीच्या घंटीची दोरी

आयटूसी समजायला एसटीतली घंटी आठवा. छताखालून पुढून मागे गेलेली दोरी. कंडक्टर कुठूनही ओढू शकतो, मागच्या सीटवरचं पोरगंही ओढतं. सगळे खालीच ओढतात, वर कोणी ढकलत नाही. सोडली की स्प्रिंग तिला जागेवर नेते. आयटूसीच्या एसडीए आणि एससीएल या दोन दोऱ्या. उनो आणि सेन्सर दोघेही त्यांना फक्त शून्याकडे ओढतात. वर नेणारी स्प्रिंग म्हणजे पुल-अप रेझिस्टर.

म्हणून इथे दोन दोऱ्या करता येतात. उनोकडच्या दोरीची स्प्रिंग ५ ला बांधलेली, सेन्सरकडची ३.३ ला, आणि मध्ये एक मॉसफेट. त्याच्या तीन पायांपैकी गेट (चालू-बंद करणारा) कायम ३.३ ला, सोर्स सेन्सरकडे, ड्रेन उनोकडे. कोणी ओढत नाही तेव्हा गेट आणि सोर्स दोन्ही ३.३ वर, मॉसफेट बंद, दोन्ही दोऱ्या आपापल्या उंचीवर निवांत. सेन्सरने आपली दोरी खाली ओढली की सोर्स शून्यावर येतो, गेट ३.३ वरच, मॉसफेट चालू, उनोकडची दोरीही खाली. उनोने ओढली तर आधी मॉसफेटच्या पोटातला डायोड सेन्सरकडची दोरी पाऊण व्होल्टपर्यंत खाली आणतो, तेवढ्याने मॉसफेट चालू होतो आणि उरलेलं अंतर तो संपवतो. दोन्हीकडून चालतं, दिशा कोणती हे त्याला सांगावं लागत नाही. आयटूसी ही फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली पद्धत, ५ व्होल्टच्या जमान्यातली. चिपा ३.३ वर उतरू लागल्या तेव्हा १९९७ मध्ये त्याच कंपनीच्या एका टिपणात हा एका मॉसफेटचा तोडगा आला. आज आपण जी छोटी लाल किंवा निळी लेव्हल शिफ्टरची पट्टी घेतो ती तीच: चार मॉसफेट, बहुधा बीएसएस १३८, आणि आठ रेझिस्टर, १० किलोओहमचे. वडापाव आणि चहाच्या हिशेबात येते.

घेताना एक लक्षात असू द्या. आठ चॅनेलची, मधोमध एकच मोठी चिप असलेली पट्टीही ‘लेव्हल शिफ्टर’ म्हणूनच विकतात. तिच्यावर टीएक्सबी ०१०८ असेल तर आयटूसीसाठी घेऊ नका. ती चिप दिशा स्वतः ओळखते आणि पुल-अपच्या मंद चढावर गोंधळते. दुकानदाराला ‘बीएसएस १३८वाला चार चॅनेल, बायडायरेक्शनल’ असं सांगा. आमच्याकडे हे सुटे भाग सहज मिळत नाहीत. मुंबईला कोणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगतो, नाहीतर पार्सल.

जोडणी

हे सगळं उनोची यूएसबी काढून ठेवून करायचं.

शिफ्टरच्या पट्टीला दोन बाजू आहेत. एकीवर एचव्ही (जास्त व्होल्टची), दुसरीवर एलव्ही (कमी व्होल्टची). प्रत्येक बाजूला मधे पुरवठा आणि ग्राउंड, कडेला चॅनेल १ ते ४. पिना पट्टीसोबत सुट्या येतात, त्या सोल्डर कराव्या लागतात. नुसत्या भोकात खोचून तार अडकवू नका. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी या एका आळशीपणातून येतात.

आधी ग्राउंड. उनोचा ग्राउंड, शिफ्टरच्या दोन्ही बाजूंचे ग्राउंड आणि सेन्सरचा ग्राउंड, सगळे एकत्र. ही तार आधी जोडायची आणि काढताना शेवटी काढायची.

मग दोन पुरवठे. उनोच्या ५ व्होल्टवरून शिफ्टरच्या एचव्हीला. उनोच्या ३.३ वरून शिफ्टरच्या एलव्हीला. उनोच्या ३.३ च्या पिनेतून ५० मिलिअँपिअरपर्यंत घ्यावेत. हा सेन्सर एक मिलिअँपिअरही खात नाही, पण त्याच पिनेवर वायफायची पट्टी लावायचा मोह टाळा.

आता उनोची ए४ (ही एसडीए) शिफ्टरच्या एचव्ही १ ला, ए५ (ही एससीएल) एचव्ही २ ला.

इथे थांबा. सेन्सर अजून लावायचा नाही. यूएसबी घाला, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सळई ग्राउंडला. लाल सळई एलव्हीवर: ३.३ च्या आसपास. एचव्हीवर: ५, यूएसबी केबल हलकी असेल तर ४.७-४.८ दिसेल, चालतं. आता एलव्ही १ आणि एलव्ही २ वर, जिथे सेन्सर लागणार तिथे. दोन्हीवर ३.३ च दिसायला हवेत. इथे ४ किंवा ५ दिसले तर तुमची पट्टी उलटी लागली आहे, किंवा एलव्हीचा सोल्डर कच्चा आहे. हे दोन मिनिटांचं मोजमाप मी पहिल्या दिवशी केलं असतं तर दोन सेन्सर वाचले असते.

आकडे बरोबर आले की यूएसबी काढा आणि सेन्सर जोडा. एसडीए एलव्ही १ ला, एससीएल एलव्ही २ ला, ग्राउंड ग्राउंडला, आणि सेन्सरचा पुरवठा उनोच्या ३.३ ला. पुरवठा शिफ्टरच्या चॅनेलमधून घ्यायचा नाही. एका मुलाने तसं केलं होतं आणि दहा किलोओहममधून सेन्सरला जेमतेम श्वास मिळत होता. सहा पिनांच्या पट्टीवर सीएसबी ३.३ ला बांधा. ती पिन एकदा जरी खाली गेली तरी सेन्सर ‘आपल्याला एसपीआयवर बोलायचंय’ असं समजतो आणि वीज बंद करून चालू करेपर्यंत आयटूसीला ओळख देत नाही. एसडीओ ग्राउंडला बांधा. बऱ्याच पट्ट्यांवर या दोन्हींना आधीच रेझिस्टर असतो, तरी तार लावली तर बिघडत नाही.

पहिली हाक

आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये वायर लायब्ररीच्या उदाहरणांत आयटूसी स्कॅनर आहे, तारेवर कोण कोणत्या पत्त्यावर आहे ते शोधणारा. तो चढवा आणि सीरियल मॉनिटर उघडा. एसडीओ ग्राउंडला असेल तर पत्ता हेक्स (सोळाच्या पायातला) ७६ दिसेल, ३.३ ला असेल तर ७७. पत्ता दिसला की जोडणी झाली. मग लायब्ररी घाला. अ‍ॅडाफ्रूट कंपनीची सेन्सर वाचायची लायब्ररी न सांगता ७७ वर हाक मारते, आपला सेन्सर ७६ वर बसलेला. त्यामुळे स्कॅनरला दिसतो पण लायब्ररीला सापडत नाही, असं झालं तर घाबरू नका, सुरुवातीच्या ओळीत पत्ता ७६ लिहून द्या.

तरीही सापडत नसेल तर चिपचा ओळख क्रमांक बघा. बीएमई २८० चा हेक्स ६०. तिथे ५८ आला तर तुम्हाला बीएमपी २८० दिलाय. दिसायला भाऊ, पण तो आर्द्रता मोजतच नाही. हे सर्रास होतं, आणि परत करायला गेलं तर पार्सलचा खर्च सेन्सरइतकाच. चिपचा आकार बघूनही अंदाज येतो: बीएमईची चिप चौकोनी, बीएमपीची किंचित लांबट.

पत्ताच दिसत नसेल तर पहिला संशय एसडीए-एससीएलच्या अदलाबदलीवर, दुसरा ग्राउंडवर, तिसरा कच्च्या सोल्डरवर. सेन्सर गेला असं शेवटी म्हणा. मीटरने सेन्सरच्याच पिनांवर (ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या बोर्डाच्या, भोकात नव्हे, पिनेवर) मोजा: पुरवठा ३.३, एसडीए ३.३, एससीएल ३.३. तिन्ही आकडे असतील तर तारा ठीक आहेत. एखादी दोरी शून्यावरच अडकलेली दिसली तर कोणीतरी ती ओढून बसलंय. एकेक तार काढत जा, सापडतं.

एकाच दिशेच्या तारेला एवढा थाट नको

बंदरावरचा एक मुलगा होडीसाठी जीपीएस घेऊन आला होता, निओ ६एमची पट्टी. तिच्यात दोन तारा, दोन्ही एकेरी: एक उनोकडून जीपीएसकडे, एक जीपीएसकडून उनोकडे. जीपीएसकडून येणारी थेट लावली. ३.३ चा सिग्नल, साध्या पिनेला ३ पुरतात. उनोकडून जाणारी तार ५ ची, तिला दोन रेझिस्टर: उनोची पिन, मग १.८ किलोओहम, मग जोड, जोडापासून ३.३ किलोओहम ग्राउंडला. जोडावरून तार जीपीएसला. हिशेब सोपा: ५ गुणिले ३.३, भागिले ५.१, म्हणजे ३.२४ व्होल्ट. हे रेझिस्टर हाताशी नसतील तर एकाच किमतीचे तीन घ्या, वर एक, खाली दोन एकामागे एक. ३.३३ येतात. मात्र एक-एक किलोओहमचे घ्या, शंभर किलोओहमचे नकोत. मोठ्या रेझिस्टरने सिग्नलच्या कडा बोथट होतात. जीपीएसच्या सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला काही वाटत नाही, एसपीआयच्या वेगाला वाटतं.

मग सेन्सरलाच दोन रेझिस्टर लावून शिफ्टर का वाचवू नये? कारण हा दोन रेझिस्टरचा विभाजक तारेला सतत ग्राउंडकडे खेचत असतो. घंटीच्या दोरीला कोणी कायमची पिशवी लटकवली तर स्प्रिंग ती वर नेईल का? १० किलोओहमच्या पुल-अपसोबत मी हिशेब केला तर कोणी ओढत नसतानाही उनोच्या पिनेवर दोन व्होल्टच्या आसपासच उरतात. हवे होते साडेतीन.

अ‍ॅनालॉग सेन्सर ३.३ चा असेल तर तो उनोला थेट लावा, काही जळत नाही. उनो वाचतो तो आकडा १०२३ ऐवजी ६७५ च्या पुढे जाणार नाही, एवढंच.

मांगरात नेताना

टेबलावर चाललेली वस्तू आमच्या हवेत चालेल असं नाही. खारं वारं ब्रेडबोर्डच्या पत्र्यांना सोडत नाही. एका पावसाळ्यात आतून हिरवी पडतात, आणि मग ‘काल चालत होतं’ सुरू होतं. आठवडाभराहून जास्त ठेवायचं असेल तर भोकांच्या बोर्डवर सोल्डर करा. सोल्डर करताना सेन्सरच्या चिपवरच्या भोकाला कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या टेपचा) तुकडा लावा, फ्लक्सचा धूर आत जायला नको, आणि नंतर ती पट्टी थिनरने धुऊ नका. सांधे पारदर्शक नेलपॉलिशने झाकले तर गंज लागत नाही. मी बायकोची बाटली वापरतो, तिला माहीत आहे. पण नेलपॉलिश फक्त सांध्यांवर. भोक बुजलं की आर्द्रता मोजायला उरली कुठे?

तार एक मीटरच्या आत ठेवा. आयटूसी एकाच बोर्डवरच्या चिपांसाठी बनवलेली पद्धत आहे, तारेची धारकता (कपॅसिटन्स) ४०० पिकोफॅरडच्या वर गेली की तिचा नियम मोडतो. नेटवर्कची केबल असेल तर एसडीए आणि एससीएल एकाच पिळात घालू नका. एसडीएसोबत ग्राउंड, एससीएलसोबत पुरवठा, असे जोड करा. उनो लांब ठेवायचाच असेल तर शिफ्टर उनोजवळ की सेन्सरजवळ? मी सेन्सरजवळ ठेवतो, म्हणजे लांब तारेवर ५ व्होल्टचा सिग्नल जातो आणि आजूबाजूच्या पंपाच्या खरखरीला त्यातून थोडी जास्त जागा मिळते. त्यासाठी ५ आणि ३.३ दोन्ही तारा तिकडे न्याव्या लागतात, ते ओझं मला चालतं.

मेच्या शेवटी गडगडायला लागलं की अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढून ठेवा. शिफ्टर विजेपासून वाचवत नाही.

सेन्सर आढीत ठेवायचा तर भोक खाली करून, प्लॅस्टिकच्या डबीला चारही बाजूंनी भोकं पाडून. उनो त्याच डबीत नको. त्याच्या उबेने तापमान एक-दोन अंश वर दिसतं. माझ्याकडे डबी पेंढ्याच्या दुसऱ्या थराखाली, भिंतीपासून हातभर आत आहे. बाहेरच्या खोलीचा आकडाही हवा म्हणून आणखी एक सेन्सर त्याच दोन दोऱ्यांवर लावला, त्याचा एसडीओ ३.३ ला, म्हणजे पत्ता ७७. शिफ्टर तोच, तारा त्याच. सकाळी सहाला दोन्ही आकडे वहीत लिहितो. काकांनी मागच्या आठवड्यात वही उघडून बघितली, मग आढीत हात घालून बघितला, आणि म्हणाले, ‘खालचो थर उद्या परतूक होयो.’ वहीत त्या दिवशी आतला आकडा बाहेरच्यापेक्षा तीन अंशांनी वर होता.